दुसरा ब्रेक

सुसाटला सगळे सुसाटच म्हणत, अगदी त्याची सख्खी बहीणसुद्धा. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं नव्हतं, कारण पोरगा खरोखरच सुसाट होता. उजव्या कडेने बॉल घेऊन निघाला की आडवा येणारा बॅक एक तर मागे राहायचा, नाहीतर खाली बसायचा. खांदे असे की धक्का देणाराच उडून पडायचा. प्रेक्षक उभे राहायचे. आणि मग, कपाळ! एवढं सगळं करून गोलपाशी पोचल्यावर हा पठ्ठ्या असं काही करायचा की तेच प्रेक्षक डोक्याला हात लावून खाली बसायचे. तिघं अंगावर असताना थेट गोलवर मारणार. समोर रान मोकळं असताना मागे पास देणार. कधी कधी तर मैदानच संपून जायचं आणि हा बॉलसकट पलीकडच्या जाहिरातींच्या फळ्यांवर.

याचा सगळ्यात जास्त ताप कुणाला, तर दाजींना. दाजी म्हणजे सुसाटच्या ताईचे यजमान. त्याच संघाचे स्ट्रायकर, आणि वयाने संघात सगळ्यांत थोरले. आठवडाभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवायची आणि रविवारी गोलसमोर उभं राहून, हात वर करून बॉलची वाट बघायची, असा त्यांचा संसार होता. सुसाट राहायलाही त्यांच्याकडेच होता, त्यामुळे रविवारी ज्याच्या नावाने बोटं मोडायची त्याच्याच शेजारी बसून जेवायचं, हेही आलंच.

हा दाजींचा शेवटचा मोसम होता. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि त्यांनी स्वतःच कोचला तसं सांगून टाकलं होतं. या मोसमात अजून एकही गोल नव्हता. त्याचंही त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नसतं, पण आता त्यांची लेक सामने बघायला यायला लागली होती. शाळेत बाईंनी तिला विचारलं की तुझे बाबा फुटबॉलमध्ये काय करतात, तर तिने सरळ सांगितलं, हात वर करतात. घरी ते ऐकून सगळे हसले. दाजीही हसले, पण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. एक गोल, पोरीच्या देखत, मग बूट उचलून माळ्यावर टाकायचे. बाकी काही नको होतं. आणि तो गोल ज्याच्या पायातून यायचा होता, तो मान वर करून बघायलाच तयार नव्हता.

ते कोचकडे गेले. कोचने सांगितलं की पाय शिकवता येतात, धावणं शिकवता येतं, पण ऐन वेळेला डोकं चालणं हे असतं तरी किंवा नसतं तरी. देवाने सुसाटचा सगळा माल कमरेखाली भरलाय, वर पाठवायला काही उरलंच नाही. त्याला पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही याचाच विचार चालू आहे, असंही तो जाता जाता म्हणाला.

दाजींना हे काही पटेना. त्यांच्या गाडीत स्टिअरिंग धरून रडणारी माणसं बसून गेली होती. डावं-उजवं न कळणारे शिकले, आरसा फक्त केस नीट करायला असतो असं समजणारेही शिकले. हळू शिकणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण अजिबात न शिकणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. मग या पोराचं घोडं नेमकं अडतं कुठे? राग बाजूला राहिला आणि हा प्रश्नच त्यांच्या मागे लागला. ते सुसाटवर पाळत ठेवल्यासारखे वागायला लागले. दुकानात तो काय आधी उचलतो, रस्ता कसा ओलांडतो, जेवताना कुठे बघतो. ताईने एकदा विचारलंसुद्धा, की अहो, माझ्या भावाने काही चोरलंय का?

त्याच सुमाराला सुसाट गाडीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला. परीक्षकाने सांगितलं की गाडी छान चालवतो, फक्त तो सोडून रस्त्यावर आणखी कुणी आहे हे त्याला माहीत नाही. आता दाजींनी घरच्या माणसाला गाडी शिकवायची नाही असा कानाला खडा लावला होता. बायकोला शिकवायला गेले तेव्हा आठवडाभर घरात अबोला होता. म्हणून सुसाटला त्यांनी स्कूलमधल्या दुसऱ्या मास्तरांकडे सोपवलं होतं. पण परीक्षकाचं बोलणं ऐकलं आणि त्यांचे कानच टवकारले गेले. हेच तर मैदानात होतंय! दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्याला गाडीत बसवलं.

स्कूलची गाडी होती लहानशी, छपरावर पाटी, मागच्या काचेवर शिकाऊची खूण, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक. शिकणारा चुकला तर शेजारच्याने दाबायचा. इतक्या वर्षांत दाजींचा उजवा पाय त्या ब्रेकवरून कधी हललाच नव्हता. घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही तो पाय मधूनच जमिनीवर दाबला जायचा.

पहिल्याच चौकात तो दाबावा लागला. सुसाटने लेन बदलली आणि मागचा ट्रक भोंगा वाजवत अगदी घासून गेला. दाजींनी गाडी कडेला घ्यायला लावली. ओरडले नाहीत. मागे कोण होतं, एवढंच विचारलं.

"मागे?" सुसाट खरोखरच गोंधळला. "दाजी, मी मागे कधी बघतच नाही. माझ्या मागून कुणी येतच नाही ना."

यात बढाई नव्हती. बाहेर ऊन आहे म्हणावं इतक्या साधेपणाने तो बोलला होता. दाजींच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. लहानपणापासून या पोराला कुणी गाठलंच नव्हतं. शाळेत नाही, गल्लीत नाही, मैदानात नाही. मग त्याने कशासाठी आजूबाजूला बघावं? आणि आपण? आपण जन्मापासून गोगलगाय. आधी बघून ठेवलं नसतं तर आपल्याला बॉलचा वासही आला नसता. म्हणजे अक्कल वगैरे काही नाही, गरजच पडली नाही बिचाऱ्याला. दाजींना एकदम हसू आलं. सुसाटला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, आणि त्याने निमूटपणे आरसा पुसायला घेतला.

घाबरट विद्यार्थ्यांसाठी स्कूलमध्ये एक जुनी युक्ती होती. चालवता चालवता जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. तोंड बोलायला लागलं की डोळ्यांना शोधावंच लागतं. दाजींनी तीच युक्ती लावली. सुसाट लाजत लाजत सुरू झाला. समोर लाल दिवा. डावीकडे सायकल. आरशात बस, लांब आहे. मागच्या सीटवर शाळेतून घेतलेली लेक बसलेली असायची, तिला तर हा खेळच सापडला. घरीही तिचं चालू झालं. आई फोनवर. बिस्किटांचा डबा उघडा. मामा झोपलाय, तोंड उघडं.

दाजींनी मग सांगितलं की हेच आता मैदानात कर. आणि इथे सगळं मुसळ केरात गेलं. पुढच्या रविवारी सुसाटला बॉल मिळाला आणि त्याने बोलायला तोंड उघडलं. "समोर बॅक, डावीकडे..." एवढं म्हणेपर्यंत बॉल गेलेला. पुन्हा मिळाला, पुन्हा तेच. पायही अडखळायला लागले, वेगही गेला. समोरच्या बॅकने विचारलं की बाबा रे, कुणाशी बोलतोयस? लोक हसले. हाफटाइमला कोचने त्याला बाहेर बसवलं, आणि घरी ताईने दाजींना फैलावर घेतलं. जे होतं तेही घालवलंत, म्हणाली. आधी निदान धावत तरी होता. आपल्या एका गोलाच्या हावेपायी पोराचा खेळ बिघडवला की काय, या विचाराने दाजींना जेवण गोड लागेना.

सुसाटने मात्र गाडीत बसणं सोडलं नाही. एका संध्याकाळी गोदामांमागच्या रस्त्यावर एक आंधळं वळण आलं. गाडी वळणात शिरली आणि मग तो बोलायला लागला, समोर वळण, उजवीकडे भिंत, तोवर भिंत दारापाशी आलेली. दाजींचा पाय ब्रेकवर पडला. गाडी गचका खाऊन थांबली.

"अरे, वळणात शिरल्यावर बोलून काय उपयोग? वळणात फक्त वळायचं. जे काय बघायचं, बोलायचं, ते आधी."

सुसाटने स्टिअरिंगवरचे हात काढले. त्याने हळूच विचारलं, "म्हणजे बॉल माझ्याकडे यायच्या आधी? तो दुसऱ्याच्या पायात असतानाच?"

दाजींनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की भोंगा वाजला.

त्यानंतर एका रात्रीत चमत्कार झाला असं कुणी समजू नये. निम्म्या वेळा तो अजूनही माती खायचा. पण उरलेल्या निम्म्या वेळा, बॉल मैदानाच्या पलीकडे असताना सुसाटची मान इकडून तिकडे फिरताना दिसायची आणि ओठ हलत असायचे. बॉल पायात आला की तोंड बंद, मग नुसतं धावणं. डाव्या कडेने खेळणाऱ्या सुताराला, जो आठवडाभर खरोखरच सुतारकाम करायचा, मोसमात पहिल्यांदाच धड पास मिळाले. गाडीची परीक्षाही सुसाट पास झाला. दाजींपर्यंत मात्र बॉल पोचत नव्हता. कधी बॅक मध्ये यायचा, कधी थोडक्यात हुकायचं. हात वर जायचा आणि खाली यायचा.

शेवटच्या सामन्याला लेक आईबरोबर अगदी पुढच्या बाकावर येऊन बसली. सामना संपत आला तरी गोल नव्हता, ना इकडे ना तिकडे. दाजींच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, पण कोचने त्यांना बाहेर काढलं नाही. मग मधल्या फळीतून बॉल उजवीकडे निघाला आणि दाजींना कळलं की हाच तो. त्यांनी जिवाचं रान करून गोलच्या जवळच्या खांबाकडे धाव घेतली. हात वर केला.

बॉल अजून वाटेत होता आणि सुसाटची मान फिरत होती. त्याचं बोलणं दाजींना स्पष्ट ऐकू आलं.

"बॅक पुढे आलाय. गोली जवळच्या खांबाला. दाजी... दाजी, उशीर. सुतार मोकळा."

बॉल पायात आला, बॅक मागे पडला, आणि कडेवरून मारलेला क्रॉस दाजींच्या समोरून गेला. त्यांनी पाय लांबवला, नुसत्या सवयीने. बॉल पलीकडच्या खांबाशी सुताराच्या पायात, आणि तिथून जाळ्यात.

सगळं मैदान सुताराच्या अंगावर धावलं. दाजी जागच्या जागी उभे. पहिल्यांदा त्यांना संताप आला, असा की डोळ्यांपुढे अंधारी यावी. मी शिकवलं तुला, लेका, आणि मलाच? मग त्यांची नजर आपोआप गवतावर गेली, आपण कुठे होतो आणि बॉलने कुठे यायला हवं होतं ते त्यांनी मापलं. इतक्या वर्षांची सवय. पोराचं बरोबर होतं. आणि बरोबर होतं म्हणूनच ते जास्त लागलं. सुसाट आनंद साजरा करायला गेलाच नव्हता. तो कडेला उभा राहून त्यांच्याकडेच बघत होता, नापास झालेल्या विद्यार्थ्यासारखा. दाजी लंगडत त्याच्याकडे गेले आणि त्याचं डोकं छातीशी धरून गदागदा हलवलं.

बाकाजवळ आल्यावर लेकीने सांगितलं, बाबा, आजपण हात वर. दाजींनी तिला उचलून घेतलं. ताईने नवऱ्याच्या हातातली बुटांची पिशवी घेतली.

घरी जाताना स्कूलची गाडी सुसाटने चालवली. दाजी शेजारी, मागे ताई आणि लेक.

"मला पाहिलं होतंस?" दाजींनी विचारलं.

"पाहिलं होतं." सुसाटने नजर रस्त्यावरून काढली नाही. "तुम्हाला एक पाऊल कमी पडलं असतं, दाजी."

"दोन," दाजी म्हणाले.

सुसाटने आरशात बघितलं, दिवा दिला आणि हलकेच लेन बदलली. मागची बस लांब होती. दाजींनी तेही बघितलं. मग त्यांनी गुडघा चोळला, सीट थोडी मागे सरकवली आणि दोन्ही पाय दुमडून पोटाशी घेतले. ब्रेक खाली एकटाच राहिला.

मागून लेकीची टकळी सुरू झाली. समोर हिरवा दिवा. उजवीकडे आजोबा, काठी घेऊन. आई खिडकीबाहेर बघतेय.

"बाबा," ती पुढे वाकून म्हणाली, आणि मग आवाज एकदम खाली आणला. "बाबा झोपले."