केवळबाईची नऊ लेकरं

निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना केवळबाईला नऊ लेकरं झाली.

सुरतेच्या त्या मोठ्या सरकारी इस्पितळात ती बाळंतिणींच्या वॉर्डाची आया. सव्वीस वर्षं बादल्या, बेडपॅन आणि दुसऱ्यांची बाळं उचलून तिचे पाय आता तिचे राहिले नव्हते. दुपारी भिंतीला टेकून डोळा लागला, की उठवणाऱ्याचा तिला मनापासून राग यायचा. त्या दिवशी तिला उठवलं पंडितने. हा रेकॉर्डचा कारकून, मूळचा बुलढाण्याचा, स्वभावाने बरा, पण कागद दिसला की ज्यांना माणूस दिसेनासा होतो, त्यांपैकी.

"बाई, तुमाले लेकरं किती?"

"माले? मन्हा मालक लगीनना दुसरा सालले गया. माले कोठेन लेकरे?"

"मंग हे कोन?" त्याने जुनं रजिस्टर तिच्यापुढे उघडलं. "बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर. आईचं नाव केवळबाई. एकदा नाही, नऊ डाव!"

झालं होतं असं, की मोठ्या साहेबांनी इस्पितळाचा इतिहास छापायला घेतला होता. पहिली इमारत कधी उभी राहिली, पहिलं मोठं ऑपरेशन कोणी केलं, दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या भीतीने निम्मी सुरत गाड्यांना लटकून पळाली तेव्हा कोणते डॉक्टर जागेवर थांबले, असं सगळं त्यात येणार होतं. केवळबाईही थांबली होती. तिचं नाव त्यात येणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. तिला फक्त बसायचं होतं. पण जन्मांचा आकडा हवा म्हणून पंडितने जुनी रजिस्टरं काढली, आणि इतिहास गेला बाजूला, हे भलतंच बाहेर आलं.

तिला वाचता येत नव्हतं. नाव तेवढं गिरवता यायचं. पण पंडितने साल सांगितलं आणि तिला एकेक सूप आठवायला लागलं.

खानदेशात ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, ती नवं बाळ सुपात घालून दुसरीच्या पुढे ठेवते. दुसरी ओंजळभर ज्वारी देऊन ते विकत घेते आणि सांभाळायला परत पहिलीकडेच देते. लेकरू हिचं नाहीच म्हटल्यावर यम हिच्या दारात येऊन नेणार काय? मोठं झालं की तेवढीच ज्वारी देऊन त्याला सोडवून घ्यायचं. सुरतेच्या लिंबायतेत, उधन्यात यंत्रमागांवर आलेल्या बायकांनी बाकी सगळं गावी सोडलं, ही रीत मात्र सोबत आणली. आणि इस्पितळात हाताशी कोण, तर केवळबाई. विधवा म्हणून एखादी सासू नाक मुरडायची. पण जिचं सगळं आधीच नेऊन झालंय तिच्याकडे यम पुन्हा कशाला फिरकेल, असा बायकांचा विचार, आणि तो काही अगदीच खुळा नव्हता.

हे सगळं तोंडी असायचं. कागदावर नेलं ते उषाबाईने. पहिली तीन गेलेली ही बाई वॉर्डाच्या कारकुनाला म्हणाली होती, "यमना दूतले वाचता येत व्हयी तर?" तो जुना कारकून धरणगावचा. त्याला ते पटलं आणि त्याने तिच्या नव्या बाळाच्या, सुपडूच्या, नोंदीत आईच्या जागी केवळबाई लिहून टाकलं. एकीचं पाहून दुसरीने तेच केलं.

साहेबांचा हुकूम निघाला. बाई निवृत्त व्हायच्या आत नऊही लेकरांच्या खऱ्या आईंनी येऊन लिहून द्यावं आणि केवळबाईने सही करावी, की हे मूल माझं नाही. नाहीतर चौकशी. सरकारी काम अन् सहा महिने थांब, इथे तर अकराच दिवस होते.

केवळबाईला चौकशीची धास्ती होती, पण पहिला घोर वेगळाच होता. "भाऊ," तिने विचारलं, "नऊ ना नऊ जग्यात का?"

"ते रजिस्टरात नसते, बाई."

इतक्या वर्षांत तिला हे विचारायला सवड झाली नव्हती. आता मात्र तिला तेवढंच हवं होतं. लिंबायतेच्या रिक्षावाल्यांकडून निरोप गेले आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. एक पोरगा स्वतःच रिक्षा चालवत आला. एक उधन्याला मागावर होता, रात्रपाळी करून तारवटलेल्या डोळ्यांनी आला आणि बाकावरच झोपला. कडोदऱ्याला सासरी दिलेली एक पोर कडेवर स्वतःचं बाळ घेऊन आली आणि गुजरातीतच बोलत राहिली. सोबत आलेल्या प्रत्येक आईच्या पदराच्या गाठीला ज्वारी होती. केवळबाई ओंजळ पुढे करायची, पोराच्या तोंडावरून हात फिरवायची आणि सही करायची. पंडितच्या टेबलावर दाणे सांडायचे आणि तो ते वैतागून झाडायचा.

आठ झाली. आठही जगली होती. केवळबाईला वाटलं, आयुष्यात एक काम तरी धड झालं. पण ज्याच्यापासून सुरुवात झाली तो सुपडू राहिला होता. त्यानेच जन्मल्यावर तिचं बोट असं धरलं होतं, की सुपात ठेवताना तिला ते सोडवून घ्यावं लागलं होतं.

शेवटच्या दिवशी उषाबाई आली. एकटीच. दारातच थबकली, मग येऊन थेट केवळबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"पोर्‍या कोठे शे?" केवळबाईने विचारलं.

"बाई, तुन्हं लेकरू माले सांभाळता उनं नई."

सुपडू आठव्या महिन्यात गोवराने गेला होता. उषाबाईला त्यानंतर दोन मुली झाल्या, पण ती या इस्पितळाच्या फाटकाशी पुन्हा फिरकली नाही. बाजारात एकदा केवळबाई लांबून दिसली, तर तोंड लपवून दुसऱ्या गल्लीत शिरली. दुसरीने विश्वासाने सांभाळायला दिलेलं लेकरू हातून गेलं, तिला काय सांगणार? चोवीस वर्षं ती स्वतःसाठी रडलीच नव्हती. केवळबाईची गुन्हेगार म्हणून रडत होती.

केवळबाईला वाटलं, जिवंत आठ परत दिली, हा गेलेला तरी माझ्या नावावर राहू दे. कोणाचं काय जातंय? तिने पंडितकडे पाहिलं. तो पेन सरसावून बसला होता. मग तिने खाली पाहिलं. उषाबाईच्या पदरालाही गाठ होती, घट्ट बांधलेली, आणि ती सोडायची तिला हिंमत होत नव्हती.

"ज्वारी दे," केवळबाई म्हणाली.

"आते ज्वारी दिसन काय करू?"

"दे. तुन्हा पोर्‍या तू ली जाय."

उषाबाईने गाठ सोडली. ओंजळीतून ओंजळीत ज्वारी पडली. पंडितने ओळ खोडून आईच्या जागी उषाबाईचं नाव घातलं, केवळबाईने सही केली, आणि उषाबाई तिथल्याच बाकावर बसून पहिल्यांदा आईसारखी मोठ्याने रडली.

तिला रिक्षात बसवून पंडित परतला तेव्हा केवळबाई वॉर्डामागच्या नळाखाली बसली होती. अंगावर लुगडं तसंच, डोक्यावर धो धो पाणी.

"बाई! हे काय?"

"सुतक शे. आज समजनं, आज आंघोळ."

पंडित गोंधळला. त्याच्या हातात रजिस्टर होतंच. "पन बाई, आताच तर सही केली तुम्ही. तो तुमचा नाही म्हनून लिहून देल्लं."

केवळबाईने चेहऱ्यावरचं पाणी निपटलं.

"सही आते करी, भाऊ. तो गया तवय मन्हाच व्हता."