दुसऱ्याची पावलं

सिनेमात माणूस जिना चढताना दिसतो, तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. ती आमच्या दाजींची असतात. पडद्यावर नट भाव खात असतो आणि दाजी स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरची नजर न हलवता, त्याच्या पावलाला पाऊल जुळवत असतात. काचेच्या अलीकडे मी हेडफोन चढवून बसतो आणि ते ध्वनिमुद्रित करतो. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मला या धंद्यात त्यांनीच आणलं. आईच्या मते त्यांनीच वाया घालवलं.

त्यांच्या खोलीत एका भिंतीला छतापर्यंत जुने बूट, चपला, सँडल. जमिनीचे चौकोन पाडलेले, एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात खडी, एकात माती. एका कोपऱ्यात चार पायऱ्यांचा लाकडी जिना, जो कुठेच जात नाही. त्या एवढ्याशा जागेत मी दाजींना फौजदार होताना ऐकलंय, पळून जाणारी नवरी होताना ऐकलंय. उंच टाचांचे बूटही तेच घालायचे आणि वर मला डोळा मारायचे.

यावेळचा सिनेमा एका बापाचा होता. चांगली नोकरी, बायको, शाळेत जाणारी मुलगी, सगळं जागच्या जागी आणि माणूस मात्र आतून विझत चाललेला. नैराश्याचा आजार. दिग्दर्शक तरुण, हुशार आणि चिवट. प्रत्येक टेकनंतर ‘अजून एकदा’ म्हणायची त्याला खोडच होती, म्हणून मी त्याचं नाव अजूनशेठ ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी तो प्रसंग आला. बाप कामावरून परततो, लांब व्हरांडा चालतो, स्वतःच्या घराच्या दाराशी येतो आणि बेल न वाजवता उभा राहतो. दाजी फरशीवर चालले. डावा चवडा जरा घासत, टाच टेकायचाही कंटाळा आल्यासारखे. दोन-तीन पावलांनंतर थांबणं, जणू पुढे जाऊ का म्हणून कुणाला विचारतायत. पहिला टेक आणि अजूनशेठ खुर्चीवरून उठला.

“काय अभ्यास केलाय या माणसाने!” तो म्हणाला.

माझी छाती फुगली. माझेच दाजी ना. त्या भरात मीही अक्कल पाजळली. माइकवरून म्हणालो, “दाजी, दारापाशी अजून थोडं जड हवं होतं.”

दाजींनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. “याहून जड नाही रे माझ्याकडे.”

मी आणि अजूनशेठ खो खो हसलो. कलाकार माणूस, विनोदही कसा मोजका करतो!

चहाची सुट्टी झाली. पडदा बंद केला, अजूनशेठ फोन घेऊन बाहेर गेला. माइक बंद करायचा मी विसरलो होतो आणि हेडफोन कानांवरच होते. आत दाजी उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले, एवढंच. पण माझ्या कानांत तोच चवडा घासला, तेच थांबणं आलं. पडद्यावर कुणी नव्हतं. जुळवायला पाऊल नव्हतं. दाजी चालत होते ते त्यांचं स्वतःचंच चालणं होतं आणि मी त्यांना ते अजून जड करा म्हणालो होतो.

संध्याकाळी ताईला फोन केला. दाजींचं काही बिनसलंय का, म्हणून विचारलं.

“तुला कशाला नसत्या चौकशा? कामाचा ताण आहे,” ती फटकन म्हणाली. मग म्हणाली, “सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून बसतो रे. बादली भरून वाहत राहते, नळ बंद करायचंही त्याला सुचत नाही. मोटारीच्या शाळेची बस निघून जाते.”

मोटार म्हणजे माझी भाची. एकदा बोलायला लागली की थांबत नाही म्हणून दाजींनीच ठेवलेलं नाव.

“हल्ली ती त्याच्यासमोर बोलायची थांबते,” ताई म्हणाली. “तिलाही कळतंय. तू विचार ना त्याला. तुझं ऐकतो तो.”

“माझं? ताई, ते मला ऐकवतात. तू विचार, तू बायको आहेस.”

“आणि तो हो म्हणाला तर?”

एवढी आम्ही दोघं भावंडं तोंडाळ, पण विचारायची वेळ आली तशी दोघांचीही दातखीळ बसली. शेवटी ठरलं, हे काम संपू दे, मग बोलू. भ्यालेली माणसं असंच काहीतरी ठरवतात.

पुढचे दिवस मी कामाच्या नावाखाली पहारा दिला. दाजी पाणी प्यायला गेले की मलाही तहान लागायची. ते स्वच्छतागृहात गेले की मी बाहेर हात धूत उभा. एकदा ते म्हणाले, “मेव्हण्या, तुझं पोट बरं आहे ना?” मी हसलो, पण त्यांचा चेहरा हलला नाही. ताईचा फोन वाजला की मी पहिल्याच घंटेला उचलायचो. ती विचारायची, “आहे ना तिथे?” मी म्हणायचो, “आहेत.” आणि आम्ही फोन ठेवायचो.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग. सिनेमातला बाप आता सावरलाय. खालून मुलगी हाक मारते आणि तो धडाधड जिना उतरत तिच्याकडे जातो. दाजींनी हलके बूट चढवले, नाड्या बांधल्या, लाकडी जिन्यावर उभे राहिले. पडद्यावरचा बाप उतरला. दाजी मागे राहिले.

“अजून एकदा,” अजूनशेठ म्हणाला.

पुन्हा मागे. दाजींचं पाऊल चुकलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. तिसऱ्या वेळी ते पुढे गेले, मग मध्येच थांबले.

“दादा, आनंद पाहिजे,” अजूनशेठ माइकवर ओणवा होत म्हणाला. “मुलगी बोलावतेय तुम्हाला. अजून एकदा.”

दाजी खाली बसले. बूट काढले. फडताळावर जिथले तिथे ठेवले. “आलोच,” म्हणाले आणि अनवाणीच बाहेर गेले.

मी उठणार, तेवढ्यात अजूनशेठने मला आधीचे टेक ऐकवायला लावले. ऐकून झालं तरी दाजी आले नव्हते. मी आत डोकावलो. त्यांच्या खुर्चीवर मोबाईल, पाकीट आणि घराची किल्ली, ओळीने मांडून ठेवलेली.

स्वच्छतागृहात नव्हते. चहाच्या टपरीवर नव्हते. रखवालदार म्हणाला, फाटकातून कुणीच गेलं नाही. म्हणजे वर. मी गच्चीकडे धावलो. गच्चीचं दार उघडं होतं. पाण्याच्या टाक्यांमागे पाहिलं, कुणी नाही. मग राहिला कठडा. कठड्यापाशी जाऊन खाली वाकून बघायचं, एवढंच काम होतं आणि ते माझ्याच्याने होईना. खिशात ताईचा फोन वाजत होता. ‘आहे ना तिथे?’ हे विचारायला. शेवटी डोळे किलकिले करून वाकलो. खाली उभ्या दोन गाड्या आणि झोपलेलं कुत्रं. मी तिथेच मटकन बसलो आणि देवाला, कुत्र्याला, सगळ्यांना हात जोडले.

दाजी सापडले मागच्या जिन्यात, जो कुणी वापरत नाही. मधल्या पायरीवर बसले होते, पाय भिंतीला लावून.

“वर गेलो होतो,” मी न विचारताच ते म्हणाले. “परत आलो. आता खाली उतरवत नाही.”

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. विनोद सुचेल म्हणून थांबलो, पण जिभेवर एकही येईना. मग जे इतके दिवस टाळलं होतं ते विचारलं.

“दाजी, मरावंसं वाटतं का तुम्हाला?”

त्यांनी भिंतीला लावलेले पाय खाली घेतले. मग म्हणाले, “मघाशी वाटलं. एरवी इतकंच वाटतं की उद्या सकाळ होऊ नये. मोटार मला शाळेतलं काहीतरी सांगत असते, मी तिच्या तोंडाकडे बघत असतो आणि मला काहीही होत नाही. माझ्या पोरीचं बोलणं, आणि मला काहीही होत नाही रे.” आणि ते रडायला लागले. मीही. त्या जिन्यात दोन बाप्ये हमसून हमसून रडत होते आणि मला लाजेपेक्षा जास्त हायसं वाटत होतं, कारण रडणारा माणूस माझ्यासमोर बसलेला होता.

त्यांचा हात धरून ठेवूनच मी ताईला बोलावलं. अजूनशेठही शोधत आला. मी त्याला झाडायच्या तयारीतच होतो, पण त्याने दाजींकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“आमच्या सिनेमाला सल्ला देणाऱ्या डॉक्टर आहेत,” तो हळूच म्हणाला. “मानसोपचाराच्या. मी त्यांना आत्ता फोन करतो. गाडी घेऊन जा.”

“आणि तुमचा शेवट?” मी विचारलं.

“राहू दे,” तो म्हणाला.

ताई दवाखान्यात आली ती घरच्या चपलांवरच. दाजींच्या शेजारी बसली आणि ज्या रागाची मी वाट बघत होतो तो तिने काढलाच.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू घाबरली असतीस.”

“मी रोजच घाबरते! निदान कशाला घाबरतेय ते तरी कळलं असतं!” समोरची दोन माणसं वळून बघायला लागली. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ती मुकाट मासिकं चाळायला लागली. मग तिने दाजींचा पंजा आपल्या मांडीवर ओढून घेतला. “मोटारीला शेजारी ठेवलंय. बाबा आजारी आहे, डॉक्टरकडे गेलाय, असं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं.”

दाजींच्या ओठांपाशी काहीतरी हललं. हसू म्हणण्याइतकं नव्हतं ते.

आतून त्यांना हाक आली. मदतनीस बाईंनी दार उघडून धरलं. दाजी उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. मी ते थांबणं ओळखलं. आता वळणार, आता म्हणणार, चला घरी, उगीच सगळ्यांना त्रास.

ते वळले. पण ताईकडे.

“तूही चल आत,” ते म्हणाले. “त्यांनी विचारलं आणि मी बरा आहे म्हणालो, तर मला खोटं पाड.”