ऊन पाठीवर

मार्नीने सायकल गवतात आडवी टाकली, फाट्याच्या बरोबर मध्ये जाऊन उभी राहिली आणि डोळे किलकिले करून वर पाहिलं. दुपारचा एक वाजत आला होता. दिशा दाखवणारी पाटी कुणीतरी काढून नेली होती, नुसता खांब उरला होता. तिच्या आणि लोसाच्या, दोघींच्याही फोननी सकाळीच मान टाकली होती. आणि मादाम बेर्नादेतच्या द्राक्षमळ्यावर पाचच्या आत पोचायचं होतं. पाचला यादी बंद, मग जागा दुसऱ्याला देणार, असं बाईने फोनवर तीनतीनदा बजावलं होतं.

"मळा दक्षिणेलाच ना गं?"

"हो. सरळ दक्षिणेला," लोसा म्हणाली.

हा मळा हुडकला होता लोसाने. दोन वर्षं लंडनमध्ये परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालताना ती याच तोडणीच्या गोष्टी करायची. फ्रान्समध्ये द्राक्षं तोडायची, लांबलचक टेबलावर सगळ्यांबरोबर जेवायचं, आणि मगच घरी, न्यूझीलंडला जाणारं विमान धरायचं. दोघींचा कामाचा परवाना ऑक्टोबरात संपत होता. ही तोडणी हुकली की हुकलीच.

"मग काळजी कसली? बाबा म्हणायचे, दुपारी दक्षिणेला जायचं तर ऊन पाठीवर घ्यायचं. नकाशा नको नि काही नको. मेंढरं हरवतील, पण माणूस हरवायचा नाही."

लोसाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मार्नीकडे पाहिलं. मग खाली बसून ती बुटाची नाडी बांधू लागली.

"काय गं? पटत नाही? तुम्ही ऑकलंडवाले, तुम्हाला सूर्य दुकानाच्या काचेत दिसतो."

"चल गं बाई, तू पुढे हो," लोसा म्हणाली.

मार्चमध्ये मार्नीचे बाबा गेले. घर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. पोचणं जमलं नाही. अंत्यविधी तिने लोसाच्या फोनवर, पलंगावर बसून पाहिला, फोन परत दिला आणि त्या दिवसापासून बाबांचं नाव काढलं नाही. कुणी काढलं तर उठून भांडी घासायला लागायची.

आणि आज ती थांबायला तयार नव्हती. उतारावर हात सोडून सायकल हाणत ती मागे वळून ओरडून सांगत होती. बाबा कुत्र्याला शिव्या देताना आधी माफी कसे मागायचे, धाकट्या आत्याच्या लग्नात मेंढा मांडवात कसा घुसला, आणि बाबांनी तो आपला नव्हेच म्हणून शपथ कशी घेतली. लोसा हसून हसून दोनदा रस्त्याच्या कडेला गेली. वारा, उतार, दोन्हीकडे वेली, पाठीवर ऊन. मार्नीला वाटलं, आपण आज अख्खा युरोप एका दमात पार करू.

दीड तासाने एक गाव लागलं. चर्चसमोर एक म्हातारा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कांद्याच्या गोण्या चढवत होता. लोसाने तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये मळ्याचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने गोणी खाली ठेवली आणि त्या जिकडून आल्या होत्या तिकडे बोट दाखवलं.

"शक्यच नाही," मार्नी म्हणाली. "त्याला सांग, ऊन आमच्या पाठीवर होतं."

लोसाने सांगितलं. म्हाताऱ्याने सूर्याकडे बोट केलं, हात तसाच खाली आणत मळ्याच्या दिशेला नेला आणि खांदे उडवले. मार्नी त्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला.

"इथे उलटं असतं. देवा रे, दुपारी सूर्य आपल्याकडे उत्तरेला, इथे दक्षिणेला असतो. आणि मी गाढवीण, दीड तास..."

लोसाची तोडणी आपण घालवली, एवढंच तिला दिसत होतं. म्हाताऱ्याने दोघींची तोंडं पाहिली, पुटपुटत चार गोण्या खाली उतरवल्या आणि सायकली ट्रॉलीत फेकल्या.

ट्रॅक्टर धडधडत निघाला. आता ऊन तोंडावर होतं. कांद्यांवर बसून मार्नीने विचारलं,

"तुला ठाऊक होतं?"

"आपली लंडनची खोली आठव. ऊन कुठल्या खिडकीतून यायचं? रस्त्याकडच्या. दक्षिणेच्या. दोन वर्षं तुझे मोजे मीच वाळत घालत होते तिथे."

"मग बोलली का नाहीस? तोडणी तुझी होती, लोसा."

"तुझे बाबा बोलत होते ना," लोसा म्हणाली. "मध्ये कशी तोंड घालणार?"

मार्नीने एक कांदा उचलला, त्याचं साल सोलत बसली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा दोष तिने कांद्याला दिला. थोड्या वेळाने म्हणाली, "मेंढ्याची गोष्ट अर्धीच राहिली." आणि उरलेल्या वाटेत ती पुरी केली.

मळ्याच्या फाटकाशी मादाम बेर्नादेत उभी होती. ठेंगणी, रुंद बाई, हातात कागद, कानावर पेन्सिल. मागे अंगणात लांब टेबलावर माणसं बसली होती. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

"पाच म्हटलं होतं मी," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली आणि पेन्सिल हातात घेतली.

लोसा पुढे झाली, पण मार्नीने तिला मागे सारलं.

"चूक माझी आहे. हिला वाट ठाऊक होती. मला माझ्या बाबांनी उन्हावरून दिशा ओळखायला शिकवलं होतं, पण ते आमच्याकडचं. इथे चालत नाही, हे आत्ता कळलं. कुणा एकीलाच घेणार असाल तर हिला घ्या."

बाईने तिच्याकडे पाहिलं. ट्रॅक्टरवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याने बोट आधी वर, मग खाली नेऊन दाखवलं, तशी बाई इतकी हसली की तिला फाटक धरावं लागलं. पेन्सिल परत कानावर गेली.

"दोघी बसा जेवायला. पहाटे सहाला कात्र्या हातात हव्यात." मग मार्नीच्या दंडावर थोपटत म्हणाली, "आणि तुझ्या बाबांना सांग, इकडे यायचं झालं तर ऊन तोंडावर घ्यायचं."

मार्नीने एकदा सूर्याकडे पाहिलं.

"सांगते," ती म्हणाली. "त्यांना मजा वाटेल."

लोसा खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली. नाडी या वेळीही सुटलेली नव्हती.