निळ्या जर्सीतला लेस्टर

माझा भाऊ लेस्टर इप्सविचचा, अस्सल क्वीन्सलंडचा. रग्बी लीग खेळायला तो सिडनीच्या क्लबात गेला, आणि जिथे राहतोस तिथून खेळ, या तेव्हाच्या नियमाने सिडनी ज्या राज्यात, त्या न्यू साउथ वेल्सच्या संघात निवडला गेला. ब्रिस्बेनच्या सामन्यात त्याने निळी जर्सी घालून आपल्याच गाववाल्यांना लोळवलं. कोळशाच्या खाणीत राबणारे आमचे बाबा सामना अर्धा टाकून उठले.

संध्याकाळी लेस्टर घरी आला. "बाबा, नियमच तसा आहे हो."

"मग जेवायलाही नियमाकडेच जा."

त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. पुढे लेस्टरचा गुडघा गेला आणि खेळही सुटला.

१९८० साली नियम बदलला. मुळात ज्या राज्याचा, त्याच राज्याकडून खेळायचं. सिडनीतली आमची पोरं क्वीन्सलंडच्या गडद लाल जर्सीत मैदानात उतरताना टीव्हीवर पाहिली आणि बाबा म्हणाले, "लेस्टरला फोन लाव गं."

फोन वहिनीने उचलला. "टीव्ही बंद करून बाहेर गेलेत. बघवेना त्यांना."

बाबांनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला. "त्याला म्हणावं, घरी ये," एवढंच बोलले.

लेस्टर आला, पण बाबांच्या मातीलाच.