दोनशे बारा अंशांवरचा डोंगर

० अंश

"साहेब, आधी पडदा. उजेडात त्याला दिसत नाही."

"त्याला, की तुम्हाला?" म्हणत साहेबांनी काळा पडदा ओढला. साहेब ताईंच्या मुलाच्या वयाचे, त्यामुळे असलं बोलणं चालायचं.

खोली अंधारली आणि रडारच्या गोल काचेवर हिरवी सुई उजळली. छपरावरची तबकडी फिरते तशी ही प्रकाशाची सुई खाली फिरते. उत्तरेकडून निघते, वीस सेकंदांत उत्तरेला परत येते. वाटेत ढग असेल तिथे हिरवा डाग ठेवून जाते. डाग विझायच्या आत मेणाच्या पेन्सिलीने काचेवर त्याची कड काढायची, मग ती पातळ कागदावर उतरवून घ्यायची. एकतीस वर्षं ताईंनी हेच केलं होतं. आज अकराला यंत्र कायमचं बंद होणार होतं.

साहेब संग्रहालयाच्या दालनात यंत्राशेजारी लावायचा फलक वाचून दाखवत होते. "'हे यंत्र मुळात युद्धात शत्रूची विमाने शोधण्यासाठी बनवले गेले. मध्ये येणाऱ्या पावसाला सैनिक वैतागत.'"

"शिव्या घालत, असं लिहा."

"फलकावर?"

"बरं, वैतागत. पुढे?"

"'युद्ध संपल्यावर विमाने सोडून पाऊसच पाहायचे ठरले आणि हे यंत्र इथे आले. अनेकांचे प्राण वाचले. तलावावरील दुर्घटनेच्या दिवशी मात्र यंत्रातील दोषामुळे वादळ टिपता आले नाही.'"

ताईंची पेन्सिल काचेवरच थांबली. "ती ओळ हवीच का?"

"चौकशीच्या अहवालात आहे, ताई. मी पदरचं काही घातलेलं नाही."

७५ अंश

मिस्त्री जिना चढून आले आणि दारातच दम खात उभे राहिले. यंत्र त्यांनी जोडलं होतं, तेव्हा बंदही त्यांनीच करावं, असं साहेबांच्या मनात आलं होतं.

"काय म्हाताऱ्या, दमलास?" त्यांनी यंत्राच्या पत्र्यावर थाप मारली.

"वहिनी कशा आहेत?" ताईंनी विचारलं.

"मी घरी बसल्यापासून तिचं डोकं दुखतंय. अकरा वर्षं झाली."

मग त्यांनी चष्मा लावून फलक वाचला. शेवटच्या ओळीशी बोट नेलं. "बरोबर लिहिलंय, साहेब. त्या दिवशी सकाळी स्क्रू फिरवून यंत्राची जुळणी मीच केली होती. हात चुकला असणार."

'असणार' हा शब्द ते बावीस वर्षं वापरत होते. चौकशीनंतर त्यांना भांडारात बसवलं गेलं. येणारेजाणारे म्हणायचे, "मिस्त्री, म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला, की तुम्ही करून दिलात?" मिस्त्री सगळ्यांबरोबर हसायचे. निवृत्त होईपर्यंत मात्र त्यांनी या जिन्यावर पाऊल ठेवलं नाही.

१६० अंश

त्या दिवशी तलावात बुडालेल्या होडीत पाच माणसं होती. एक बाई पलीकडच्या शाळेत शिकवायला निघाली होती. एकाने नवी सायकल आडवी घातली होती.

२१२ अंश

इथे, अठरा किलोमीटरवर, डोंगर आहे. डोंगराचाही डाग पडतो, पण तो दर फेरीत तसाच्या तसा असतो. म्हणून त्याची कड काचेवर रंगानेच काढून ठेवलेली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, हा डोंगर, याला घाबरायचं नाही.

त्या दुपारी डोंगर कडेबाहेर आला होता. तलावाच्या अंगाला, बोटभर. ताईंनी तो तसाच कागदावर उतरवला. मग त्यांना आठवलं, सकाळी मिस्त्रींनी जुळणी केलीय. आज सगळंच जाड दिसत असेल. त्यांनी बोटभर भाग खोडला आणि नेहमीचा डोंगर काढला. होड्या थांबवायला तलावावर फोन केला नाही. ढग नेमका डोंगराच्या डोक्यावर बसला होता.

"तुम्हाला काही दिसलं होतं?" चौकशीत विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. मुलगा तेव्हा दुसरीत होता. कागद डब्याच्या पिशवीतून घरी गेला.

२१२ अंश, पुन्हा

तोच कागद आता त्यांनी पिशवीतून काढला. अकराला दहा मिनिटं होती.

"मिस्त्री, हे जरा बघा."

मिस्त्रींनी कागद काचेच्या हिरव्या उजेडावर धरला. खूप वेळ धरला.

"हे खोडलेलं काय आहे?"

"वादळ. मी खोडलं. मला वाटलं, तुमच्या जुळणीने डोंगर फुगलाय."

"डोंगर कधी वाढतो का हो, ताई?"

"नाही वाढत."

सुईच्या दोन फेऱ्या झाल्या.

"बावीस वर्षं," मिस्त्री म्हणाले, "झोपताना मी तो स्क्रू फिरवतोय. उजवीकडे. मग डावीकडे. माझ्या पोरीच्या लग्नाला आलात तुम्ही. जेवून गेलात."

"गेले."

"तेव्हा नाही बोलावंसं वाटलं?"

"रोज वाटायचं. रोज उद्यावर टाकलं."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. यंत्राकडे पाहत ते हळूच म्हणाले, "म्हणजे याला दिसलं होतं."

"सगळ्यात आधी. स्वच्छ."

ताई साहेबांकडे वळल्या. "ती ओळ बदला. यंत्राला दिसलं होतं, पाहणाऱ्या बाईने खोडलं, असं लिहा. माझ्या हुद्द्यासकट. आणि हा कागद वर पाठवा."

"ताई, तीन महिन्यांवर निवृत्ती आली तुमची. चौकशी पुन्हा उघडेल."

"उघडू दे."

३६० अंश

"शेवटची फेरी काढा," मिस्त्री खटक्यावर हात ठेवून म्हणाले. आवाज कामापुरता होता.

आभाळ मोकळं होतं. काढण्यासारखा फक्त डोंगर होता. ताईंनी रंगाच्या कडेवरून पेन्सिल फिरवली. नेहमीएवढाच डोंगर. सुई उत्तरेला आली आणि खटका पडला.

हिरवं विझत गेलं. छपरावर तबकडी आपल्याच वजनाने थोडी घरंगळली, कुरकुरली आणि थांबली. साहेबांनी पडदा सारला. उजेडात काच राखाडी, साधी दिसत होती. सवयीने ताईंचा हात फडक्याकडे गेला.

"राहू द्या," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी ताईंच्या हातातली पेन्सिल घेतली, काचेवर वाकले आणि डोंगराच्या कडेबाहेर, तलावाच्या अंगाला, बोटभर रेघ काढली. ही पेन्सिल त्यांनी कधी धरली नव्हती. रेघ कापरी आली. त्यांनी ती पुन्हा गिरवली नाही.