विहिरीवरची राखण

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. माझं लाल टोक अजून बोटभर शिल्लक आहे, निळं मात्र संपल्यात जमा आहे. असं कसं झालं, ते सांगते.

कारखान्यातून निघून मी पौडच्या एका लहानशा इस्पितळात आले, ते साल एकोणऐंशी असावं. पेशंटच्या तक्त्यावर तापाची रेघ लाल टोकाने काढायची, नाडीची निळ्या टोकाने, एवढंच माझं काम. सगुणाबाई नर्स मला ब्लेडने टोक काढून खिशात ठेवत. "माजी पेन्सिल कुनी न्हेली?" असं त्या ओरडल्या, की मला उगाच मोठेपण वाटे.

एकदा बाजारातल्या चाँदभाईंची आठ वर्षांची अमिना आली. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्या काळी पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी चालू होईपर्यंत प्यायला थेंबभर पाणी देत नसत. अमिनाचा घसा सुकला. रडली की टाके दुखत, म्हणून तिला गुंतवायला सगुणाबाईंनी मला आणि जुन्या कॅलेंडरचं पान तिच्या हाती दिलं.

मग काय, माझी चैनच. डॉक्टर गळ्यात नळी अडकवलेलं घुबड झाले. सारजाबाई आयाला चार हात फुटले, चारी हातांत झाडू. आणि विहिरीच्या काठावर शिंगांची, सुळ्यांची एक हडळ पाणी अडवून बसली. नाकाच्या जागी इंजेक्शनची सुई. त्या सगुणाबाई.

चित्र बघून अमिनाची दादी, बीबीजान, गोरीमोरी झाली. ती पान लपवायला गेली, तोच सगुणाबाईंनी ते उचललं.

"ही मीच व्हय?"

अमिनाने चादर नाकापर्यंत ओढली.

"शिंगं लई बारकी काढलीस गं. वाढव की जरा."

दादीला धीर आला. तिने पिशवीतून झाकणाचा तांब्या काढला. "बाई, दुवा पढलेलं पानी हाय. दोन घोट द्या. पोरगी तळमळतीया."

"आज न्हाई, दादी. आतडी झोपल्यात. आत्ता पाजलं तर पोट फुगंल, उलट्या हुतील, टाक्यांवर ताण यील." दादीचं तोंड उतरलं, तशा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पन हेच पानी उकळून आनते. कापूस भिजवून व्हटांवरनं फिरवू. उकळल्यावर दुवा ऱ्हाईल न्हवं?"

"दुवा काय वाफ हाय व्हय, उडून जायाला?" दादी पहिल्यांदा हसली.

पाणी निवालं. अमिनाचे ओठ भिजवून झाल्यावर सगुणाबाईंनी तांब्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, त्यावर ते चित्र झाकलं आणि वजन म्हणून मला. "मी जेवाया चालले. तवर ही हडळ राखन करील."

दुपारी दादीचा डोळा लागला. अमिनाचा हात आला. तिने मला बाजूला ठेवलं, चित्र उचललं, तांब्या ओठांशी नेला. मी काय करणार? पडूनच राहिले. पण दुसऱ्या हातातली हडळ तिच्याकडेच बघत होती. ते वटारलेले डोळे तिनेच तर काढले होते.

"बघू नगं," अमिना पुटपुटली. मग तांब्या खाली ठेवून मला उचललं. हडळीला तिने एक लोंबती, कोरडी जीभ काढली. "तुला बी तहान लागलीया?" त्या जिभेवर तिने निळा थेंब ठेवला. मग विहीर भरायला घेतली. दुपारभर भरत होती, थेट काठापर्यंत. माझं निळं टोक तिथंच झिजलं.

सकाळी डॉक्टरांनी तिच्या पोटाला नळी लावून कानोसा घेतला. "चाललं पोट. चमचाभर पाणी द्या."

पहिला चमचा त्याच तांब्यातला होता. अमिनाने तो मिटल्या डोळ्यांनी गिळला. मग चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तिला."

सगुणाबाईंनी दुसरा चमचा आपल्या तोंडात घातला. त्या दिवशी नाडीची रेघ त्यांना शाईने काढावी लागली, तरी मला कुणी बोललं नाही. पुढे नवी पेन्सिल आली आणि मी त्या चित्रासोबत सगुणाबाईंच्या पत्र्याच्या डब्यात गेले. अजून तिथेच आहे.

मित्रांनो, आखूड झाली म्हणून पेन्सिल फेकू नका. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या मुलाला नेऊन द्या. आणि तुमच्या भल्यासाठी तुम्हांला अडवणारं कुणी असेल, तर त्याला खुशाल शिंगं काढा. फक्त त्याच्या जिभेवर एक थेंब ठेवायला विसरू नका.