होन्नीचा पान्हा

निऱ्या तिसऱ्यांदा सुटल्या तेव्हा विरुपाक्षाने सगळा बोंगा मुठीत धरला आणि कसाबसा कमरेला खोचला. डोक्यावरून पदर घेतला, तो मिशी झाकेपर्यंत खाली ओढला, आणि गोठ्याच्या दाराची कडी लागली आहे ना ते पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. वळसंगच्या जत्रेत कधीकाळी कुस्तीचा फेटा जिंकलेला हा गडी भल्या सकाळी बायकोचं, चंद्रव्वेचं, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून उभा होता. लोक हसतील याची त्याला फिकीर नव्हती. गाय काय करते याची त्याला धास्ती होती.

होन्नीने मान वळवून पाहिलं, नाकपुड्या फुगवून पदराचा वास घेतला. लुगड्याला ट्रंकेतल्या कापराचा वास येत होता. विरुपाक्ष दुधाची कासंडी गुडघ्यांत धरून खाली बसला आणि त्याने सडाला हात लावला मात्र, कासंडी गव्हाणीपाशी जाऊन पडली आणि तो शेणात.

कासंडीचा आवाज ऐकून शेजारची गोजाबाई धावत आली. गाय वासावर चालते, तुम्ही चंद्रव्वेचं लुगडं नेसून बसा, ही अक्कल तिचीच. विरुपाक्षाने कडी काढली. त्याला पाहून गोजाबाईने हसू दाबलं, पण लुगडं पाहून तिचं हसू गेलं.

"हे कुटलं काढलंसा अण्णा?"

"तिचंच हाय की."

"तिचं हाय. पर हे नेसून ती कवा गोठ्यात आली व्हती?"

चंद्रव्वेचं लुगडं म्हटलं की विरुपाक्षाच्या डोळ्यांपुढे हेच यायचं, लग्नाच्या वर्षी घेतलेलं. रोज सकाळ-संध्याकाळ ती काय नेसून गाईखाली बसते हे त्याने इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

सोलापुरात मार्शल लॉ झाला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. विरुपाक्षाची अक्कलकोटच्या वाटेवर जिराईत जमीन होती, बैलांची एक जोडी आणि एक गाय होती. दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. घरात वाटणी सरळ होती: बैल त्याचे, गाय तिची. होन्नीची आजी चंद्रव्वेबरोबर माहेरून आली होती, कानडी मुलखातून, म्हणून गाईशी बोलणं आजही कानडीतच चाले. "बा, होन्नी, बा," म्हणजे ये गं. दूध काढणं, विरजणं, घुसळणं हे सगळं चंद्रव्वेचं. विरुपाक्ष जेवायला बसला की ताक वाटीत असायचं, ते कुठून आलं याची चौकशी करायची त्याला गरज पडत नसे.

यंदा होन्नीला कालवड झाली आणि आठवडा भरायच्या आत गेली. अशा वेळी वासराच्या कातड्यात कडब्याचा भुसा भरून ते गाईपुढे उभं करतात. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. चंद्रव्वेने ते दारात येऊ दिलं नाही. मेलेल्या लेकराचं कातडं आईला चाटायला लावायचं, हे आपल्याच्यानं होणार नाही, म्हणाली. पण दूध मात्र थांबलं नाही. दार लावून ती आत बसायची आणि कासंडी भरून बाहेर यायची. ती हे कसं करते ते विरुपाक्षाने विचारलं नाही. दूध येतंय म्हटल्यावर विचारायचं काय?

मग एक दिवस कडबा ओढताना चिपाडाचं कुसळ तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली घुसलं. हळद-चुना लावून ती त्याच हाताने धारा काढत राहिली. अंगठा सुजला, मग पंजा, मग सूज कोपराकडे चढली. सोमवारी सकाळी ती गोठ्यातच कोसळली, अंग तव्यासारखं तापलेलं.

सोमवार बसवण्णाचा. लिंगायताच्या घरात त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. विरुपाक्षाच्या बापाने ऐन सुगीत, आभाळ भरून आलेलं असतानाही ठेवलं नव्हतं. विरुपाक्षाने ठेवलं. बैलांच्या पाया पडला, गाडी जुंपली आणि चंद्रव्वेला गोठ्यातून उचललं तशीच सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत गिरण्यांची धुराडी दिसू लागली तेव्हा ती बडबडत होती, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, की आज सोमवार आहे.

डॉक्टरांनी हात चिरून पू काढला. ताप हटेना. विष वर चढलं तर काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. विरुपाक्ष घरी आला तर होन्नी हंबरत होती, कास दगडासारखी घट्ट झालेली. गोजाबाई बसली, तिला लाथ बसली. विरुपाक्ष बसला, त्यालाही बसली. आणि कुठून कोण जाणे, त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. गाय आटली तर चंद्रव्वा परत यायची नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी समजूत घातली असती, आणि त्याला समजूत नको होती, दूध हवं होतं.

पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा चंद्रव्वेने डोळे उघडले न उघडले तोच विचारलं, होन्नी कशी हाय? तो म्हणाला, मजेत हाय, गोजाबाईच्या हातानं गुमान दूध देती. आजारी माणसाला काळजी नको, एवढाच त्याचा हिशेब. चंद्रव्वेने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या खेपेला गेला तेव्हा तिचा अंगठा आणि शेजारचं बोट काढून टाकलं होतं. तिने पुन्हा तेच विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि वर भर घातली की दूध पहिल्यापेक्षा वाढलंय. ती दवाखान्यातलं काही खात नाही, नर्सबाई म्हणाल्या. विरुपाक्षाला वाटलं, तापाने तोंडाची चव गेली असेल.

इरकली लुगड्याचा प्रयोग फसल्यावर त्याने वलणीवरचं रोजचं लुगडं नेसून पाहिलं. या वेळी होन्नीने लाथ मारली नाही. तिने पदर हुंगला, उलटसुलट हुंगला, काहीतरी शोधल्यासारखं तोंड फिरवलं आणि मग मान वळवून ती उगी राहिली. दुधाचा थेंब आला नाही. मागच्या एका सडाला गाठ आली होती आणि तिथे हात लावला की ती अंग चोरत होती. तेव्हा विरुपाक्षाच्या ध्यानात आलं, की ज्या लुगड्यात ती कोसळली ते तर तिच्याबरोबर सोलापूरला गेलं आहे. दवाखान्याने ते एव्हाना धोब्याकडे दिलं असेल. तो तसाच पायांत वहाणा घालून निघाला आणि सडकेवर येऊन सर्व्हिस मोटारीची वाट पाहत उभा राहिला. मोटार येईपर्यंत त्याने उभ्या उभ्या किती देवांची नावं घेतली असतील कोण जाणे.

बायकांच्या वॉर्डात चंद्रव्वा दवाखान्याच्या पांढऱ्या लुगड्यात पडली होती. चेहरा ओळखू येऊ नये इतका उतरलेला. बांधलेला हात उशीवर. तिने या वेळी होन्नीचं विचारलंच नाही. त्याला वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"होन्नी दूध देत न्हाय," तो म्हणाला. "पयल्या दिसापास्नं देत न्हाय. कुनाच्याच हाताला येत न्हाय. सडाला गाठ आलीया."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आता ही रडेल, ताप वाढेल, आणि त्याला कारण आपण, असं त्याला वाटलं.

"मग गोजाबाईच्या हातानं देती म्हनला त्ये?"

"खोटं व्हतं."

चंद्रव्वेने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडावरचा ताण मात्र सुटत गेला.

"मला वाटलं, इसरली मला," ती म्हणाली. "येवढ्यात इसरली. म्हटलं, गाय इसरली, घरबी इसरंल. मग जायचं कशाला परत?"

बायकोच्या जिवाला बरं वाटावं म्हणून आपण जे सांगत होतो, त्यानेच तिचा जीव पोखरला जात होता, हे विरुपाक्षाला त्या खाटेपाशी उभं असताना कळलं. माफी मागायची रीत त्याला ठाऊक नव्हती. त्याने तिच्या पायावरची चादर सारखी केली.

चंद्रव्वेने डावा हात उशीखाली घातला आणि एक बोचकं ओढून काढलं. मातकट हिरवं, शेणाचे डाग पडलेलं लुगडं. नर्सबाईंनी धुवायला मागितलं, ओढलं, रागावल्या. तिने सोडलं नव्हतं. आसपासच्या बायकांनी तिला खुळ्यात काढलं होतं. आणि मग तिने त्याला सांगितलं, जे दृष्ट लागू नये म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. कालवड जन्मली तेव्हा तिने ती याच पदराने पुसली होती. त्या पदराला तिने नंतर पाणी लावलं नाही. आंघोळ, लिंगपूजा आटोपली की धारेपुरतं ती हे लुगडं नेसायची, पदर गाईपुढे धरायची आणि होन्नी तो चाटायची.

"गाठ ऊन पान्यानं शेका. पदराला मीठ लावा जरासं. चाटू द्या तिला, घाई करू नगा. आन् तोंडानं बोला तिच्याशी, मुक्यानं बसू नगा."

"आन् तुजा ताप?"

"त्ये बगतील हितले लोक. तुमी जावा."

घरी पोहोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याने हात-पाय धुतले, ते लुगडं नेसलं, पदराला मीठ चोळलं आणि होन्नीपुढे उभा राहिला. "बा," तो म्हणाला. "बा, होन्नी, बा."

होन्नीने वास घेतला. मग जीभ बाहेर आली. ती पदर चाटू लागली, पदराबरोबर त्याची छाती, खांदा, हनुवटी, सगळं खरखरीत जिभेने चाटत सुटली, आणि तोंडातून असा एक बारीक आवाज काढू लागली, की तो गाईचा आवाज आहे हे त्याला आधी समजलंच नाही. कालवड गेल्यापासून हे रोज दोन वेळा चंद्रव्वेने एकटीने सोसलं होतं. विरुपाक्षाला रडू आलं. रडतच तो खाली बसला. गाठीच्या सडातून आधी फाटलेलं दूध आलं, मग पाणीदार, आणि मग पांढरी स्वच्छ धार कासंडीच्या बुडावर वाजली.

पुढे तो रोज नेसू लागला. गोठ्याला कडी असली तरी गावाला भिंती नसतात, सगळ्यांना कळलं. पारावर त्याला विरुपव्वा म्हणू लागले, कुणी हळदी-कुंकवाचं आवतण दिलं. तो म्हणायचा, हसा की. चंद्रव्वेचा ताप उतरला तो लुगडं मिळाल्यामुळे की डॉक्टरांच्या औषधामुळे, यावर त्याचं मत ठरलेलं होतं, पण डॉक्टरांनी औषध चालू ठेवा म्हटल्यावर त्याने मान डोलावली.

ती घरी आली तेव्हा ज्वारी पोटरीत आली होती, कणीस अजून पानाआड होतं. गाडीतून उतरली, घरात गेली नाही, तशीच गोठ्यात शिरली. अंगाला फिनेलचा वास येत होता. "बा, होन्नी," ती म्हणाली. होन्नीचे कान हलले. तिने मान पुढे केली, बांधलेला हात हुंगला आणि फुरफुरून दोन पावलं मागे सरली. चंद्रव्वा हात पुढे धरूनच उभी राहिली.

"दवाखान्याचा वास हाय," विरुपाक्ष घाईने म्हणाला. त्याने खुंटीवरचं हिरवं लुगडं काढलं. "हे नेस. मग बग कशी येती."

चंद्रव्वेने लुगडं हातात घेतलं, नाकाशी नेलं. त्याला आता तंबाखूचा वास येत होता, घामाचा वास येत होता. तिने उजव्या हाताकडे पाहिलं, जिथे पट्टी अंगठ्याच्या जागी सपाट झाली होती.

"नेसून करू काय?" ती म्हणाली. "सड कशात धरू?"

होईल हळूहळू, असं काहीतरी विरुपाक्षाच्या ओठांवर आलं होतं, पण दवाखान्यातल्या त्या दिवसापासून तिच्याशी खोटं बोलायची त्याला भीती वाटत होती.

"तुमीच बसा," तिने लुगडं त्याला दिलं.

तिच्यादेखत नेसताना तो घामाघूम झाला. ती हसली नाही. होन्नीने पदर चाटला, कास भरून आली. चंद्रव्वा गव्हाणीपाशी उभी राहून ऐकत होती. धार बारीक झाली तसा तो उठू लागला.

"अजून हाय," ती म्हणाली. "शेवटची धार सोडत जाऊ नगा. सगळं लोनी तिच्यातच असतंय."

तो पुन्हा बसला. शेवटचा थेंब निघेपर्यंत काढत राहिला. मग कासंडी उचलायला वाकला, तर तिने डाव्या हाताने ती आधीच धरली होती. उजवं मनगट बुडाला लावून तिने ती वर घेतली. फेस काठाशी येऊन हिंदकळत होता. विरुपाक्षाने हात पुढे केला आणि मग मागे घेतला. अंगणात गोजाबाई आणि आणखी दोघीतिघी तिला भेटायला येऊन थांबल्या होत्या. त्यांनी वाट करून दिली. चंद्रव्वा मान ताठ ठेवून, एकेक पाऊल टाकत त्यांच्यामधून गेली, उंबरा ओलांडला आणि कासंडी चुलीजवळ नेऊन ठेवली. वाटेत दूध सांडलं नव्हतं.